अनुभव धागा : वर्षानुवर्षांचे संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर बदलताना

मंद्रसप्तक
जुन्या हार्ड डिस्कवरच्या फायली चाळताना काल मला एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधला माझा दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट सापडला. तो उघडला, तेव्हा नऊपैकी चार ट्रॅक मुके निघाले, कारण त्यांची प्लगइन (आवाज तयार करणारे जोड-प्रोग्रॅम) आता माझ्याकडे उरलेली नाहीत. त्यावरून एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो ते दिवस आठवले. एफएलमध्ये एकाच पॅटर्नमध्ये ड्रम, बेस आणि पियानो एकत्र लिहायचे आणि तो पॅटर्न प्लेलिस्टवर, म्हणजे गाण्याच्या वेळपट्टीवर, हवा तिथे मांडायचा, ही माझी विचार करण्याचीच पद्धत झाली होती. लाइव्हमध्ये प्रत्येक क्लिप (संगीताचा तुकडा) आपापल्या ट्रॅकची असते, हे डोक्याला एका दिवसात पटले, पण हातांना पटायला तीन महिने लागले. आपण सॉफ्टवेअर का बदलले आणि काय मागे राहिले, ते सविस्तर लिहावे.

कणसूर
मीही हाच प्रवास केला आहे. जुन्या चाली मी सुरांच्या नावांनी वहीत उतरवून ठेवल्या होत्या आणि त्या पाहून नव्या प्रोग्रॅममध्ये एकेक सूर भरला. मिडी, म्हणजे सुरांना क्रमांक देणारी संगणकीय पद्धत, तिच्यातल्या ६० क्रमांकाच्या सुराला एफएलमध्ये सी५ म्हणतात आणि लाइव्हमध्ये त्यालाच सी३ म्हणतात, याची मला कल्पना नव्हती. परिणामी खर्जातली बेसची ओळ दोन सप्तके वर जाऊन बासरीसारखी वाजू लागली आणि मी अख्खी संध्याकाळ बेसच्या प्लगइनला दोष देत बसले.

मंद्रसप्तक
वहीऐवजी मिडी फाइल नेली असती, तर हा घोटाळा टळला असता, कारण त्या फाइलमध्ये सुराचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो.

कणसूर
हे ज्ञान त्या संध्याकाळी मिळाले असते, तर उपकार झाले असते.

फेडर_खाली
माझी अडचण अधिक फसवी होती. क्यूबेस या सॉफ्टवेअरमधले सगळे ट्रॅक मोनो (एकाच वाहिनीच्या) वेव्ह फायली करून मी रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणले आणि फेडर (आवाजाची पातळी) व पॅन (डावी-उजवीकडची जागा) यांचे आकडे जसेच्या तसे ठेवले, तरीही गायन आणि किक ड्रम अंगावर येऊ लागले, तर दोन्ही टोकांना ठेवलेल्या गिटार मागे पडल्यासारख्या वाटल्या. कारण ‘पॅन लॉ’ नावाच्या सेटिंगमध्ये होते. मध्यभागी ठेवलेला मोनो आवाज आपोआप किती उतरवायचा, हे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ठरलेले असते. माझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये तो ३ डेसिबलने उतरत होता आणि नव्यात मुळीच उतरत नव्हता. सेटिंग बदलायला दहा सेकंद लागली, पण तोवर मी दोन दिवस कानांवर संशय घेत होतो.

लूपवाली
मी तीन वेळा बदलले आणि तिन्ही वेळा परत आले. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

जुनाट_सिक्वेन्सर
मी स्वतःहून बदलले नाही. मी वापरत असलेल्या, केकवॉकच्या सोनार या सॉफ्टवेअरचा विकास थांबत असल्याची घोषणा नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि मी घाईघाईने क्यूबेस घेतले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅब या कंपनीने केकवॉकची मालमत्ता विकत घेतली आणि तेच सॉफ्टवेअर फुकट मिळू लागले. तोपर्यंत माझे पैसे भरून झाले होते, त्यामुळे क्यूबेसच चांगले आहे, असे मी स्वतःला निष्ठेने पटवले.

अनुमंद्र
पुढच्या महिन्यात मी बदल करणार आहे. निघण्यापूर्वी नेमके काय काढून ठेवावे?

फेडर_खाली
प्रत्येक ट्रॅकची ध्वनिफाइल पहिल्या मात्रेपासूनच काढावी, मग आवाज मध्यावर सुरू होत असला तरी चालेल. नाहीतर नव्या ठिकाणी जुळवाजुळव करण्यात रात्र जाते. एक प्रत इफेक्टसह आणि एक कोरडी, म्हणजे इफेक्टविना, ठेवावी. मिडी आणि टेंपोचे (लयीच्या वेगाचे) बदल वेगळे जतन करावेत. बिटविग आणि प्रीसोनस या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये आणलेला डॉप्रोजेक्ट हा खुला फाइल प्रकार तुमच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये चालत असेल, तर ऑटोमेशनही (गाण्याच्या ओघात आपोआप होणारे सेटिंगचे बदल) बरोबर नेता येते.

लूपवाली
शिवाय त्या वेळच्या कच्च्या मिक्सची एमपी३ जपावी. मंद्रसप्तक, त्या गाण्याची एखादी सापडली, तर मुके ट्रॅक निदान ऐकू तरी येतील.

मंद्रसप्तक
सुचवल्याप्रमाणे शोधले आणि जुन्या ईमेलमध्ये ती एमपी३ सापडली. ज्या चार ट्रॅकसाठी मी काल हळहळत होतो, त्यांपैकी तीन त्या मिक्समध्ये मी स्वतःच म्यूट करून ठेवले होते.