मदत हवी आहे: बारा दिवसांचं पिल्लू, पुढचा पाय जन्मापासून वाकडा

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून सांगते.

आमच्या बिल्डिंगच्या (भांडुप पश्चिम) मीटररूममध्ये काळी व्यायली. काळी म्हणजे रस्त्यावरची कुत्री, गेली तीन वर्षं आमच्या गेटवरच असते. पाच पिल्लं झाली, एक पहिल्याच रात्री गेलं. उरलेल्यांतली तिघं चांगली ढब्बू आहेत. चौथी एवढीशी, माझ्या तळहातावर मावते. लेकीने तिचं नाव गोटी ठेवलंय. नाव ठेवलं की संपलं, हे मला कळायला हवं होतं.

गोटीचा पुढचा डावा पाय जन्मापासूनच असा आहे. मनगटापासून पंजा आत वळलेला, विळी उलटी धरावी तसा. सरपटताना पंजाचा तळवा खाली टेकतच नाही, वरची बाजू घासते. तिथली कातडी लाल झालीये आणि केस गेलेत. बाकी तिन्ही पाय ठीक वाटतात. डोळे परवा किलकिले झाले.

काल किचनच्या काट्यावर स्टीलचा डबा ठेवून चौघांची वजनं केली. तिघं ६०० ग्रॅमच्या पुढे. गोटी ३४०. काळी तिला हाकलत नाही, पण बाकीची तिघं तिला अशी ढकलतात की ती कडेला जाऊन नुसती कुंईकुंई करत राहते.

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘रस्त्यावरचंच आहे ना? इंजेक्शन देऊन मोकळं करा, कशाला हाल.’ फी मात्र पूर्ण घेतली. मी पिशवीत टॉवेल गुंडाळून तिला परत घेऊन आले. मग बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलांनी व्हिडिओ बघून आइस्क्रीमची काडी आणि चिकटपट्टी लावून पाय सरळ बांधून दिलाय. सकाळपासून बांधलेला आहे.

तर प्रश्न: पाय सरळ होईल का? तिला घरी आणू की काळीपाशीच ठेवू? (सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते.) आणि दूध कुठलं देऊ? काल गाईचं दूध पाणी घालून दिलं तर शी पिवळी पातळ झाली. मीटररूममध्ये पावसाचं पाणी येतं ते वेगळंच.

प्रतिसाद, तळमजला:
ताई, वाचून होण्याआधी ती पट्टी सोडा. आत्ता. खोबरेल तेल लावून चिकटपट्टी भिजवा, ओढू नका, कातडी निघेल. बोटं सुजलीत का, गार पडलीत का बघा. एवढ्या पिल्लाचा पाय रोज वाढतो, पट्टी वाढत नाही.

धागाकर्ती:
सोडली. मधली दोन बोटं फुगली होती, नखं फाकलेली. गार होती. आता थोडी गुलाबी झालीत. मला रडू आलं हो.

प्रतिसाद, तळमजला:
रडू नका, वेळेत सोडलीत. पायाचं नंतर. आधी वजन, ऊब, दूध. ३४० ग्रॅमचं पिल्लू पायाने मरत नाही, थंडीने आणि उपासाने मरतं.

या वयाच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पोट आणि तोंडाचा आतला भाग हाताला गार लागला तर आधी तुमच्या पोटाशी धरून हळूहळू गरम करा, मगच दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं. खोक्यात गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम जास्त झालं तर गोटी सरकू शकेल.

गाईचं दूध बंद. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा खूप घट्ट असतं, चरबी आणि प्रथिनं दोन्ही जास्त, आणि तुम्ही त्यात पाणीही घातलंत. पेट शॉपमध्ये पिल्लांची दूध पावडर मिळते. डब्यावर वजनाप्रमाणे तक्ता असतो, तो पाळा. पाजताना पिल्लू पोटावरच हवं, मान किंचित वर, जशी ती आईला पिते तशी. आपल्या बाळासारखं उताणं धरून कधीही पाजू नका. दूध श्वासात जातं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आलं की थांबायचं. दूध झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शीच्या आणि शूच्या जागी हलकेच फिरवा, तीन आठवड्यांपर्यंत हे आई चाटून करते. पिवळं पातळ उद्याही राहिलं तर डॉक्टर.

आणि रोज सकाळी एकाच वेळेला वजन लिहून ठेवा. दिवसभरात वजन वाढलं नाही तर वाट बघत बसू नका.

प्रतिसाद, कोकणी माणूस:
कॅल्शियमचं औषध सुरू करा. आमच्या गावच्या कुत्र्याचे पाय असेच फेंगडे होते, महिन्यात सरळ झाले.

प्रतिसाद, तळमजला:
काका, ते वेगळं. वाढत्या पिल्लांचे पाय खाण्यामुळे, गुळगुळीत फरशीमुळे दीड-दोन महिन्यांनी वाकतात, ते पुष्कळदा सुधारतात. हे जन्मतः आहे. वरून कॅल्शियम ओतून हाड उगवत नाही, उलट वाढत्या पिल्लात त्रास होतो. खायला आईला द्या, दूध तिच्याच अंगातून येतंय.

प्रतिसाद, अर्धा डॉक्टर:
नाव बघून घाबरू नका, पशुवैद्यकीयची दोन वर्षं करून सोडलं, म्हणून हे नाव.

आत वळलेल्या पंजामागे दोन गोष्टी असू शकतात. एक, आईच्या पोटात जागा कमी पडल्याने स्नायुबंध आखडलेले. दुसरी, पुढच्या पायातल्या दोन हाडांपैकी आतलं हाड, म्हणजे रेडियस, अर्धवट बनलेलं किंवा बनलेलंच नाही. मग दुसरं हाड, अल्ना, एकटं उरतं आणि पंजा आतल्या बाजूला कलंडतो. तुम्ही फोटो टाकलात तरी हे कळणार नाही, बोटांनी चाचपूनच कळतं. पंजा हलक्या हाताने सरळ होत असेल तर पहिली शक्यता, आणि मग डॉक्टरांनी लावलेली मऊ पट्टी, दोन-तीन दिवसांनी बदलत, उपयोगी पडते. होतच नसेल तर जोर लावायचा नाही. एक्स-रेची आत्ता घाई करू नका. या वयात सांध्यांचा बराच भाग कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो, फिल्मवर नीट उमटत नाही. दीड महिन्यानंतर काढा.

हाड नसेल तरी ती जगेल. कुत्रा जवळपास साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर घेतो, म्हणून पुढचा पाय गेलेला मागच्यापेक्षा जड जातो, एवढंच. लहानपणापासून तिला तीनच पाय ठाऊक असतील. पाय कापायचा की ठेवायचा हे ती मोठी झाल्यावर, तो घासून जखम होते का ते बघून. आत्ता इंजेक्शनचा प्रश्नच येत नाही. पिल्लू पितंय, ओरडतंय, मग झालं.

दुसरं मत घ्यायचं तर परळला जा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तिथेच आहे, आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही. १८८६ सालापासूनचं कॉलेज आहे, वाकडे पाय त्यांनी बघितलेत. महालक्ष्मीलाही टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं नवं हॉस्पिटल २०२४मध्ये सुरू झालंय. भांडुपहून रिक्षा सायनपर्यंतच, पुढे टॅक्सी, त्या हिशेबाने पैसे ठेवा.

प्रतिसाद, सुलूमावशी:
सासूबाईंना सांगा, हात लागला म्हणून आई टाकत नाही. काळी तुम्हाला ओळखते. पण अनोळखी पोरांना पिल्लांपाशी जाऊ देऊ नका, आई चावू शकते. चावलीच तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस, घरगुती हळद नको.

पिल्लू पूर्ण घरी आणू नका असं माझं मत. दिवसातून चार-पाच वेळा तिघा धटिंगणांना टोपलीत घाला आणि गोटीला एकटीला वीस मिनिटं मागच्या सडांना लावा. मागे दूध जास्त असतं. मधल्या वेळात पावडर. रात्री मात्र घरी, तुमच्या मीटररूममध्ये पाणी येतं म्हणालात. पावसाळ्यात ओल्या जागी लेप्टोचीही (उंदरांच्या, प्राण्यांच्या लघवीतून येणारा ताप) भीती आहे, चिखलात अनवाणी हिंडू नका.

आणि जंताचं औषध दोन आठवड्यांपासून सुरू करतात, आईकडूनच जंत येतात. लहान मुलीला हात धुवायला लावा.

धागाकर्ती (पाच दिवसांनी):
४१५ ग्रॅम! रोजचं वजन फ्रिजवर लिहितेय, दुधाच्या हिशेबाच्या खाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘ही पिल्लावळ बाहेर सोडा’ म्हणून नोटीस लावली होती. एका शेजाऱ्यांनी त्यांना २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचायला दिले, भटक्या कुत्र्यांना त्यांच्या जागेवरून हलवता येत नाही म्हणून. नोटीस आज दिसली नाही. काळीची नसबंदी पिल्लांचं दूध सुटल्यावर पालिकेकडून करून घेणार, हे मी लेखी दिलंय, तेव्हा कुठे शांतता.

परळला जाऊन आले. डॉक्टरांनी बराच वेळ चाचपलं आणि म्हणाले, ‘आतलं हाड लागत नाहीये.’ पट्टी नाही. घासतं तिथे मलम आणि मऊ मोजा. मोजा बाळाच्या बुटाच्या टोकाचा कापून केला, लेकीने त्यावर फूल काढलंय. सांधे दिवसातून तीनदा नुसते हलवायचे.

धागाकर्ती (आणखी तेरा दिवसांनी):
९१० ग्रॅम. काल स्पार्टेकच्या गुळगुळीत फरशीवर घसरत होती म्हणून ज्वारीचं रिकामं पोतं अंथरलं, तर त्यावर उभी राहिली. तीन पायांवर. डावा पाय छातीशी घेऊन, साडीचा पदर खोचावा तसा. मग पडली, परत उठली आणि माझ्या चपलेचा पट्टा ओढू लागली.

आता एक शेवटचं विचारते. दोन आठवड्यांनी एक्स-रे आहे, त्याच सुमाराला पहिली लस. तोपर्यंत तिला दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही, जमिनीवर नाही, हे कळलं. पण टॅक्सीत एकटी नेली तर फार रडते. काळीला बरोबर नेऊ का? ती आजवर कधी गाडीत बसलेली नाही.