मदत हवी आहे: सेशेल्सला हनिमून, प्रालिन बेट की ला दिग बेट?

नोव्हेंबरअखेरीस लग्न आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेशेल्सला जायचं ठरतंय. दोघांनाही रोज सकाळी बॅग भरून पळायचं नाहीये. निवांत लोळायचं आणि प्राणी-पक्षी बघायचे, बस्स.

होणारा नवरा पक्षीवेडा. त्याला प्रालिनच्या व्हॅली द मे या जंगलातला काळा पोपट बघायचाय, शिवाय जवळचं कझिन बेट. मला क्युरिअज बेटावरची मोकळी फिरणारी महाकाय कासवं हवीत. (लग्नाच्या धामधुमीनंतर त्यांचाच वेग झेपेल!) म्हणून मुक्काम प्रालिनलाच करावा असं वाटतं. पण ला दिगला सायकलवर भटकता येतं, त्याचाही मोह सुटत नाही. बोटीने ते पंधरा-वीस मिनिटांवरच आहे, मग एका दिवसात उरकेल का, की तिथे दोन रात्री हव्यातच?

खरी धास्ती पावसाची. डिसेंबर-जानेवारी तिथला जास्त पावसाचा काळ, पण हॉक्सबिल समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात तीही याच सुमारास, आणि चक्क दिवसाढवळ्या. त्या दिवसांत कुणी गेलंय का? पावसामुळे कझिनची बोट रद्द होते का? आणि मी शाकाहारी आहे, तर स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस घ्यावं का?