केंद्र बदलल्याची अफवा आणि निकालानंतर आलेले उत्तर

प्रश्न: सिडकोकर

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, आमच्या भागातल्या मतदान केंद्राची इमारत धोकादायक ठरल्यामुळे केंद्र दुसऱ्या शाळेत हलवले आहे, अशी पोस्ट समाजमाध्यमावरच्या एका स्थानिक पानावर आली. खाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते; म्हणजे ती पसरवण्यासाठी कोणीतरी पैसे मोजले होते आणि कंपनीने ते घेतले होते. केंद्र कुठेही हललेले नव्हते. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. सकाळी ते काठी टेकत त्या दुसऱ्या शाळेपर्यंत गेले, यादीत नाव सापडेना म्हणून परतले आणि ‘आता राहू दे’ म्हणत त्यांनी चपला काढल्या. खरे केंद्र घरापासून दोन गल्ल्या सोडून होते.

तक्रार मी रात्रीच नोंदवली होती. ‘या पोस्टमुळे आमच्या नियमांचा भंग होत नाही’ हे उत्तर २४ तारखेला आले, आणि निकाल तर २३ लाच लागला होता. पोस्ट लिहिणारा दोषी आहेच. पण पैसे घेऊन ती घरोघर पोहोचवणाऱ्या कंपनीवर कायद्याने काही जबाबदारी येते की नाही?

उत्तर १: वकिली चष्मा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार अशी कंपनी मध्यस्थ ठरते आणि इतरांच्या मजकुराबद्दल तिला संरक्षण मिळते. पाकिटातल्या मजकुराबद्दल आपण पोस्टमनला जाब विचारत नाही, तसाच हा प्रकार. परंतु संदेश स्वतः सुरू न करणे, तो कोणाला मिळावा हे न ठरवणे, मजकुरात निवड वा बदल न करणे, अशा अटी त्या संरक्षणाला जोडलेल्या आहेत. अमुक भागातल्या, अमुक वयाच्या माणसांनाच पोस्ट दिसावी अशी जुळणी कंपनीच्या यंत्रणेने पैसे घेऊन केली असेल, तर पोस्टमनची उपमा तिथेच संपते, असे माझे मत आहे. हे मतच आहे. न्यायालयाचा निवाडा म्हणून कोणी पुढे करू नये.

दुसरी अडचण अशी, की श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ७९ चा जो अर्थ लावला, त्यानुसार न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना कंपनीच्या हाती पडल्यावरच मजकूर काढण्याचे बंधन येते. तुमच्याआमच्या तक्रारीने संरक्षण जात नाही. अशा मध्यस्थ कंपन्यांसाठी २०२१ चे नियम आले तेव्हा त्यांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निपटारा १५ दिवसांत अशी मुदत होती. मतदानाच्या आदल्या रात्री या मुदतीचा उपयोग काय, हे सांगायला वकील लागत नाही. याउलट निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवरील तक्रारीसाठी १०० मिनिटांची मुदत आहे, आणि २०१९ मध्ये कंपन्यांनीच स्वीकारलेल्या ऐच्छिक संहितेत, मतदानापूर्वीच्या ४८ तासांत आयोगाने कळवलेल्या उल्लंघनावर तीन तासांत कारवाई करण्याचे आश्वासन आहे. त्या रात्री आपण कंपनीऐवजी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे दार ठोठावायला हवे होते.

उत्तर २: कसमादेकर

कंपन्या ‘आम्ही काय करणार’ म्हणतात तेव्हा मला राईनपाडा आठवतो. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्याच सुमारास आमच्या मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. टोळीच्या अफवा कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या.

त्याच महिन्यात कंपनीने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. यासाठी कोणाचा खाजगी संदेश उघडून वाचावा लागला नाही. नळाची चावी थोडी आवळली, इतकेच. ती आधी का आवळली नाही, हा माझ्या मते जबाबदारीचा खरा प्रश्न आहे.

उत्तर ३: रविवार कारंजा

चावीपर्यंत मी सहमत आहे. पाणी गढूळ की स्वच्छ हे कोणी ठरवायचे, तिथे माझा पाय अडतो. केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीची माहिती खरी की खोटी हे ठरवण्यासाठी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद २०२३ मध्ये केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली, आणि ते योग्यच झाले. ज्याच्यावर टीका व्हायची त्याच्याच हाती शिक्का देऊन कसे चालेल? कंपन्यांच्या हाती तो देण्यातही मला शहाणपण दिसत नाही, कारण दंडाचा धाक बसला की त्या खोट्याबरोबर अडचणीचे खरेही पुसून मोकळ्या होतील. मात्र मतदान केंद्राचा पत्ता हे मत नव्हे. तो यादीशी ताडून पाच मिनिटांत खरा-खोटा ठरतो. अशा मोजक्या बाबींपुरती कंपनीवर कडक सक्ती असावी, बाकी राजकीय वादात तिने पंच होऊ नये.

उत्तर ४: गोदाकाठ

मोजक्या बाबींत गर्दीही धरावी. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. तेव्हा लोकांच्या हाती असले फोन नव्हते. येत्या सिंहस्थात ‘पूल खचला’ एवढे दोन शब्द फिरले तर पंचवटीत काय होईल, याची कल्पना घाट उतरलेल्या कोणालाही करता येईल. तिथे तीन तासही फार होतात. मराठी आणि हिंदी जाणणारा, अधिकार असलेला माणूस प्रत्येक मोठ्या कंपनीने पर्वकाळात पोलिसांच्या नियंत्रण कक्षात बसवावा, ही अट प्रशासनाने आतापासून घातली पाहिजे.

सिडकोकर

सर्वांचे आभार. ती पोस्ट आता उघडत नाही. माझ्याकडच्या स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि ‘प्रायोजित’ हा शब्द आहे, पैसे कोणी भरले ते मात्र नाही. ते नाव कंपनीकडून काढून घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे वकील महोदयांनी सांगावे.