लक्षात राहील असा भक्कम पासवर्ड टर्मिनलवरून कसा काढायचा?

अंबडकर:
अंबडला आमची छोटी टूलरूम आहे. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स). परवा पाहिलं तर तिन्हींना एकच पासवर्ड: गावाचं नाव, ॲट, एक-दोन-तीन. वर तो कीबोर्डखाली चिकटपट्टीने लावलेला, ग्रीसच्या बोटांनी काळा पडलेला. धस्स झालं. टर्मिनलवरच (कमांड टाइप करायच्या खिडकीत) निघेल आणि अडुसष्ट वर्षांच्या बाबांनाही पाठ होईल, असं काही सुचवा. बजेट शून्य.

पंचवटी_७७:
दोन हार्डवेअर की (लॉगिनसाठी कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या चाव्या) घ्या. एक हरवली तर दुसरी. मी घेतल्यापासून निवांत झोपतो.

सिन्नरफाटा:
अहो, बजेट शून्य म्हणालेत ते! पीडब्ल्यूजेन हा पासवर्ड बनवणारा प्रोग्राम टाका, वीस अक्षरं मागा, विषय संपला.

रविवार_कारंजा:
वीस अक्षरांचं ते कडबोळं पाठ होत नाही. मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं, चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली. दोन दिवस बिलं निघाली नाहीत. शब्दच घ्या. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांची १९९५ची डाइसवेअर पद्धत बघा. फासा पाच वेळा टाकला की ७७७६ शब्दांतला एक मिळतो, म्हणजे सुमारे १२.९ बिट (बिट म्हणजे ताकदीचं माप, एक वाढला की ओळखणं दुप्पट अवघड). सहा शब्दांचे ७७. ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेची २०१६ची यादी फुकट आहे, शब्दही सोपे. प्रत्येक ओळीतले सुरुवातीचे पाच आकडे काढून टाका, 'शफ' (shuf) या ओळी पिसणाऱ्या कमांडला फाइल द्या, सहा ओळी मागा.

देवळालीकर:
मराठी शब्द घ्या की, देवनागरीत! कोण ओळखणार?

रविवार_कारंजा:
देवनागरी नको. यूटीएफ-८मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) आपलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, तीन बाइट खातं. पासवर्ड साठवायला बीक्रिप्ट ही पद्धत वापरणाऱ्या बऱ्याच साइट ७२ बाइटांपुढचं सोडून देतात. म्हणजे २४ चिन्हांत खेळ खलास. शिवाय लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड आला नाही तर बाहेरच बसा.

देवळालीकर:
माझ्याकडे तीन वर्षं चालतंय. एकदाही अडलं नाही.

गंगापूररोड:
डाइसवेअर बघा, सहा शब्द पुरे. पण शब्द आवडले नाहीत म्हणून परत परत कमांड मारत बसू नका. आवडीने निवडलेत की ताकद कमी झाली. आणि पासवर्ड कमांडमध्ये टाइप करू नका, हिस्टरी फाइलमध्ये तसाच पडून राहतो.

पंचवटी_७७:
म्हणूनच म्हणतो, की घ्या.

अंबडकर:
सगळ्यांचे आभार. बाबांसमोर शफ चालवलं, पण ते इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी बसेनात. शेवटी सापशिडीचा फासा शोधला आणि आमचीच यादी करायला घेतली. ते सांगतात, मी रोमन लिपीत टाइप करतो: कानस, सांडशी, ऐरण, घण, घमेलं. १२९६ शब्द करायचेत, म्हणजे एका शब्दाला फासा चारदा. शब्दामागे १०.३ बिट, सात शब्दांचे ७२. सांडशीत एच कुठे कुठे हे आधीच ठरवून टाकलं. काल रात्रीपर्यंत ४१० झाले. तोवर तिन्ही मशीनवर शफचाच पासवर्ड आहे, लॉगिन मीच करून देतो. चिकटपट्टी आज खरवडून काढली.