दिवाडीची चक्कर: पाहुण्यांची एकुलती एक सकाळ त्यात घालवावी का?

पर्वरीचा_भाचा
मंडळी, एक भांडण सोडवा. चिपळूणहून मामा-मामी येतायत, शनिवारी रात्री पोचतील आणि रविवारी संध्याकाळी थिवीहून परतीची ट्रेन. म्हणजे हातात रविवारची सकाळ, फार तर दुपारचे दोन वाजेपर्यंत. बायको म्हणते दिवाडीला जाऊ, मांडवीतलं बेट आहे ते, जुन्या गोव्याहून फेरीबोटीत गाडी टाकायची, बेटावर निवांत चक्कर मारायची, श्रावणात शेतं हिरवीगार असतात, गर्दी नाही, पार्किंगची मारामारी नाही. माझं म्हणणं असं की माणसं पहिल्यांदा गोव्यात येतायत तर जुन्या गोव्याची बॉम जीझस आणि से कॅथेड्रल ही चर्च आणि मंगेशीचं देऊळ हे ठरलेलं करावं, बेटावर नुसती गाडी फिरवून काय दिसणार? मामांचा गुडघा दुखतो, मामींचा श्रावण कडक आहे. गाडी साधी हॅचबॅक. खरंच सांगा, वर्थ आहे का?

घाटावरचा
नाही. सरळ उत्तर. पुण्याहून आलो होतो तेव्हा अशाच कुणाच्या तरी सांगण्यावरून गेलो. फेरीच्या रांगेत थांबलो, पलीकडे उतरलो, शेतं, एक चर्च, रंगवलेली जुनी घरं, परत शेतं, आणि बेट संपलं. ड्राइव्ह म्हणावं एवढा रस्ताच नाही हो तिथे, गाडी चौथ्या गिअरमध्ये जाईपर्यंत पुढचा धक्का येतो. फोटोत छान दिसतं, पण फोटो बघायला मोबाइल आहे की.

स्कूटरवाली
@घाटावरचा चौथा गिअर टाकायचा असेल तर हायवे आहे ना भाऊ. दिवाडीवर दुसऱ्या गिअरमध्येच जायचं असतं, मध्ये म्हशी बसलेल्या असतात, सायकलवर पोदेर म्हणजे पाववाला भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोळी, म्हणजे गोव्याचा पाव, घ्यायची आणि बांधावर उभं राहून खायची. बायकोचं ऐका पर्वरीकर. बॉम जीझसला रविवारी सकाळी मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, असते आणि बाहेर टुरिस्ट बसची रांग, तिथे मामांचा गुडघा काय सुखात राहणार आहे?

खारफुटी
दोघंही अर्धंच बोलताय. दिवाडीला जे बघायचं आहे ते रस्त्याच्या कडेला पाटी लावून ठेवलेलं नाही. सपाट शेतं दिसतात ना, ती खाजन जमीन आहे. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घातलेत, पाणी घ्यायला-सोडायला लाकडी झडपांची मानस. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते, मोटर नाही, काही नाही. आत कोरगूट नावाचा खारट जमिनीत तग धरणारा भात, भात निघाला की त्याच पाण्यात मासे-कोळंबी. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनची ही व्यवस्था. आता बरीच शेतं पडीक आहेत, बांध फुटला की कुणी दुरुस्तीला येत नाही आणि आत खारफुटी शिरते, तेही तिथेच दिसतं. पाच मिनिटं एखाद्या मानशीपाशी उभे राहा आणि मग सांगा काय दिसलं नाही ते.

गुहागरचा_जावई
खारफुटी, लिहिलंय झकास, पण पाहुणे कुठचे आहेत ते वाचलंत का? चिपळूणचे! त्या माणसांना खाडी, खारभूमीचे बांध आणि भातशेती दाखवायला नेणार? वाशिष्ठीच्या काठावर जन्म गेलाय त्यांचा. आणि फेरीबोटीचं कौतुक तर सांगूच नका, दाभोळ-धोपावे फेरीत ते गाडी घालून कितीदा गेले असतील. त्यांना काय अप्रूप? ज्याच्या घरी जे पिकतं ते त्याच्या ताटात वाढून वर दाद मागायची, असा प्रकार होतोय हा. मुंबई-पुण्याचे असते तर मीही दिवाडीच म्हटलं असतं.

पर्वरीचा_भाचा
@गुहागरचा_जावई हेच मी बायकोला सांगत होतो पण मला असं मांडता आलं नाही. आता हे तिला वाचून दाखवलं तर घरात जेवायला मिळेल का ते बघतो.

दिवाडकर
मी मालारचा, म्हणजे बेटावरच्याच गावचा. जरा आमच्या बाजूने पण बघा. तुमच्यासाठी ती ‘चक्कर’ आहे, आमच्यासाठी तो ऑफिसला जायचा, पोरं शाळेत सोडायचा, म्हातारं माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचा रस्ता आहे. बेटाला पूल नाही, काय आहे ते फेरीच. शनिवार-रविवारी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या रांग लावतात, एका फेरीत मोजक्याच गाड्या मावतात, मग इथला माणूस भाजीची पिशवी घेऊन धक्क्यावर उभा. वर पुन्हा रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून दारं उघडी टाकून रील्स. पर्रा गावाचं काय झालं माहीत आहे ना, माडांच्या रस्त्यावर शूटिंगवाल्यांनी एवढा वात आणला की पंचायतीने स्वच्छता कर लावायचं काढलं. आमच्याकडे तेच व्हायला नको. यायचं तर या, आम्ही कुणाला अडवत नाही, पण गाडी जुन्या गोव्यालाच ठेवा आणि चालत फेरीत चढा. चालत येणाऱ्याला तिकीटसुद्धा नाही.

स्कूटरवाली
@दिवाडकर रील्सवाल्यांबद्दल शंभर टक्के पटलं. पण गुडघा दुखणारा माणूस पलीकडे उतरून चालणार किती? चर्च टेकडीवर आहे.

दिवाडकर
मग त्यांनी येऊच नये असं नाही म्हणत मी. पण रविवारी सकाळी मासच्या वेळी गाडी घेऊन येऊ नका, एवढं तरी पाळा. आणि बोंदेराच्या, आमच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी तर अजिबात नको. ऑगस्टचा चौथा शनिवार असतो, त्या दिवशी वाड्यावाड्याचे झेंडे निघतात, पोरं बांबूच्या फोटाशी (खेळातल्या बंदुका) घेऊन एकमेकांवर तिरफळं मारत असतात, तिसवाडी आणि बार्देस हे दोन्ही तालुके आमच्या अंगणात लोटतात. मजा असते, पण गाडी घेऊन येणाऱ्याची नव्हे.

घाटावरचा
बघा, गावातला माणूसच सांगतोय नका येऊ. केस क्लोज?

डिचोलीचा_राजू
थांबा हो, कसली केस क्लोज. सगळे एकच चूक धरून बसलाय, दिवाडीला जायचं आणि त्याच धक्क्यावरून परत यायचं असं. अशी चक्कर मारलीत तर घाटावरच्यांचं बरोबर आहे, तासाभरात कंटाळा येतो. पण बेट आरपार करून बघा. जुन्या गोव्याहून चढायचं, बेटावरचं पिएदाद गाव करून दुसऱ्या टोकाला यायचं आणि तिथून दुसरी फेरी पकडून नार्व्याला उतरायचं. नार्वे म्हणजे डिचोली तालुका, आमचा भाग. तिथून सप्तकोटेश्वराचं देऊळ जवळच.

आता ही नुसती दोन देवळं-चर्चांची यादी नव्हे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवर ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असं कोरलेलं असायचं. त्याचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. बहामनींनी पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, मग १५६० मध्ये पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग नदी पार करून पलीकडे नार्व्याला नेलं, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायला घेतलं, दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, ‘श्रीशिवराज्ञा’ ही अक्षरं वाचता येतात. २०२३ मध्ये जीर्णोद्धार झाला, आता देऊळ स्वच्छ आणि देखणं आहे. चिपळूणच्या माणसाला खाडी दाखवायची नाही हे मान्य, पण महाराजांचा शिलालेख? मामा गुडघा विसरून उतरतील गाडीतून.

आणि व्यवहाराचं. नार्व्याहून डिचोली, अस्नोडा करत थिवी. म्हणजे बॅगा सकाळीच डिकीत टाका, पुन्हा पणजी-पर्वरीला यायचंच नाही, स्टेशन वाटेवरच आहे. मंगेशीला गेलात तर फोंड्याच्या बाजूने सगळं उलटं यावं लागेल.

गुहागरचा_जावई
हे मात्र बिनतोड आहे, निदान थिवीचा मुद्दा तरी. पण एक सांगा, देव हलवल्याची गोष्टच दाखवायची तर मंगेशी काय वाईट? तोही कुठ्ठाळीचा, त्याच १५६० च्या सुमारास प्रियोळला नेलेला. मामींना मंगेशी नाव लहानपणापासून माहीत असणार, लताबाईंचं घराणं तिथलं. सप्तकोटेश्वर किती जणांना माहीत आहे? घरी गेल्यावर शेजारणीने विचारलं ‘मंगेशीला गेलात का’ तर काय सांगणार त्या?

डिचोलीचा_राजू
@गुहागरचा_जावई शेजारणीसाठी गोवा बघायचा असेल तर माझं काही म्हणणं नाही :) फरक एवढाच की मंगेशीला तुम्ही नवं ठिकाण बघता, जुनं कुठ्ठाळीला, ते कोण बघायला जातं. इथे एका सकाळीत देव जिथून उठला तो काठ आणि जिथे बसला तो काठ, दोन्ही होतात, आणि मधली नदीही त्याच वाटेने आपण ओलांडतो. बेटाच्या त्या टोकाला कोटितीर्थाच्या जुन्या तळ्याचे अवशेष आहेत. पावसात गवत माजलेलं असतं, आत उतरू नका, लांबूनच बघा.

खारफुटी
राजूने गणपती सोडला. पिएदादच्या टेकडीवर आज जिथे चर्च आहे तिथे गणपतीचं देऊळ होतं. त्या चर्चच्या दफनभूमीतलं छोटं कपेल (प्रार्थनाघर) बघा, आतलं दगडी कोरीव काम कदंबकालीन आहे, छत वर मान करून बघण्यासारखं. बाहेरून पांढराशुभ्र चुना, आत शिरलं की मान आपोआप वर. तो गणपती फिरत फिरत शेवटी माशेलजवळ खांडोळ्याला स्थिरावला, तोच तिथला महागणपती. गाडी वरपर्यंत जाते, गुडघ्याची काळजी नको. दफनभूमी आहे एवढं भान ठेवा, कपेल बंद असेल तर हट्ट करू नका. टेकडीवरून मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे दिसतात, म्हणजे भाचेबुवा, तुमची बॉम जीझसची बाजूही थोडी राखली जाते.

मडगावची_माई
इतकं सगळं एका सकाळीत? वयस्कर माणसं आहेत, शाळेची सहल नव्हे. रात्री उशिरा पोचलेली माणसं सकाळी नऊच्या आधी आवरून बाहेर पडत नाहीत. श्रावणातला पाऊस, फेरीत गाडीतून उतरलं की भिजणं आलं, त्यातून ओहोटीला धक्क्याचा उतार एवढा तिरका होतो की भरलेली हॅचबॅक खाली घासते. आणि जेवायचं कुठे? बेटावर खाण्याची जागा थोडकी, त्यात श्रावण पाळणारी मामी. मी तर म्हणते एकच ठिकाण, घरी उकडे तांदूळ आणि अळूची भाजी, पातोळ्या वाफवा हळदीच्या पानात, आणि माणसांशी बोला. पाहुणे रस्ते बघायला येत नाहीत.

स्कूटरवाली
माई, पातोळ्यांना विरोध नाही पण तुमच्या हिशोबाने तर गोव्यातला एकही पाहुणा घराबाहेर पडायला नको. घासण्याचं खरं आहे, त्यासाठी धक्क्यावर मागच्या दोघांना उतरवायचं, ड्रायव्हरने एकट्याने गाडी चढवायची, तिरकी घ्यायची. फेरीवाला हात करून सांगतोच कशी ते.

दिवाडकर
राजूचा रस्ता मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, आमच्या धक्क्यावर परतीची गर्दी तरी करत नाही. फक्त नार्व्याच्या बाजूची फेरी सतत नसते, दुपारी खोळंबा होतो. बेटावर उतरलात की आधी कुणालाही विचारा पलीकडची बोट कधीची, मग ठरवा चर्चला किती वेळ द्यायचा.

घाटावरचा
एक तर मान्य करा की हा ‘ड्राइव्ह’ नाही. दोन फेऱ्या, एक कपेल, एक तळं, एक देऊळ आणि ट्रेन. याला निसर्गरम्य ड्राइव्ह म्हणून विकू नका म्हणजे झालं. निसर्गच हवा तर चोडणला जा, सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे.

खारफुटी
@घाटावरचा श्रावणात? स्थलांतरित पक्षी थंडीत येतात, ऑक्टोबर ते मार्च. आत्ता गेलात तर खारफुटीत डास आणि एखादा खंड्या. चोडणच्या फेरीवर रायबंदरला रोजची गर्दीही जास्त, गाड्या वाहणाऱ्या मोठ्या रो-रो बोटी आल्या तरी ऑफिस सुटायच्या वेळी बघा एकदा. मात्र जाताना रायबंदरवरूनच जा, पणजीच्या पाटोवरून जो सरळ बांधासारखा रस्ता निघतो तो पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला पूल आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. मामांना गाडीतूनच दिसेल.

पर्वरीचा_भाचा
बायकोला राजूची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणते ‘मी हेच सांगत होते’. (नव्हती सांगत.) मामांना फोन केला तर शिलालेखाचं ऐकून लगेच तयार, सोबत चष्मा आणि बॅटरी आणतायत. मामी मात्र मंगेशीवर अडून आहेत, गुहागरच्या जावयांचं शेजारणीचं भाकीत खरं ठरलं. आता सकाळी आठला निघून जुना गोवा बाहेरूनच, व्हाइसरॉयच्या कमानीतून फेरीला, असं धरतोय. नार्व्याला साडेअकरापर्यंत पोचलो तर मंगेशी जमेल का?

डिचोलीचा_राजू
नाही जमणार. आठ म्हणजे साडेनऊ धरा.

मडगावची_माई
दहा धरा. आणि डब्यात पातोळ्या द्या, ट्रेनमध्ये खातील.

गुहागरचा_जावई
मामींना सांगा पुढच्या वेळी मंगेशी, निदान परत येतील तरी. माझं मत अजून मंगेशीच.