डीएम न्यूरोलॉजीनंतर प्रॅक्टिस आणि संशोधन दोन्ही कसं जमवावं?

प्रश्न: एमडी मेडिसिन संपत आलंय, नीट-एसएस (डीएमसारख्या सुपरस्पेशालिटी पदव्यांची प्रवेश परीक्षा) देणार आहे. पुढे ओपीडी सांभाळून स्ट्रोकवर (पक्षाघातावर) संशोधन करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १: डीएमच्या 3 वर्षांतच करा. थीसिसचा विषय असा घ्या, ज्याचे रुग्ण तुमच्याच कॅज्युअल्टीत येतात. आधी प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), मग एथिक्स कमिटीची मंजुरी. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंदणी, आणि मगच पहिला रुग्ण. हा क्रम उलटला तर चांगली जर्नल्स पेपर घेत नाहीत.

प्रतिसाद २: खरी माती होते ती नोंदींमध्ये. रुग्ण सकाळी 6 ला उठला आणि हात लुळा दिसला, तर स्ट्रोक सुरू झाल्याची वेळ 6 नव्हे. रात्री 10 ला धडधाकट झोपला असेल तर 10 लिहायची. अल्टेप्लेस (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) देण्याची 4.5 तासांची मर्यादा तिथून मोजतात. केसपेपरवर नुसतं ‘सकाळपासून’ असेल, तर ती नोंद विश्लेषणाच्या कामाची नाही. वजन शक्यतो काट्यावर घ्या, कारण अल्टेप्लेसचा डोस किलोमागे 0.9 मिग्रॅ, कमाल 90 मिग्रॅ. एनआयएचएसएसची (स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या गुणपत्रिकेची) फक्त बेरीज नको, प्रत्येक घटकाचे गुण वेगळे हवेत.

प्रतिसाद ३: 90 दिवसांचा रँकिन स्कोअर (रुग्ण रोजच्या कामात किती स्वावलंबी आहे त्याचे गुण) फोनवर घेता येतो, पण नंबर बदलतात. डिस्चार्जच्या वेळीच दोन नातेवाइकांचे नंबर घ्या. आणि सॅम्पल साइजसाठी (अभ्यासात किती रुग्ण हवेत ते ठरवायला) स्टॅटिस्टिशियनला प्रोटोकॉल लिहितानाच गाठा, डेटा गोळा झाल्यावर नाही.