बाबांचं २०११ चं मृत्युपत्र आता चालेल का? मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार. बाबा ७९ वर्षांचे आहेत, प्रतापनगरच्या घरी असतात. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. परवा गोदरेजच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली त्याची पिशवी सापडली. पिना गंजून कागदावर तांबडे डाग पडलेत.

वाचून पोटात गोळाच आला. घर आईच्या नावे लिहिलंय. आई २०१९ मध्ये गेली. बेसा भागातला प्लॉट दादाला. तो २०२१ मध्ये विकून पैसे एफडीत ठेवलेत, नॉमिनी दादाच. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून काकाजींचं नाव, तेही नाहीत आता. आणि धाकट्या भावाबद्दल एवढंच, की त्याची आई त्याला सांभाळेल. तो ४१ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे. शर्टाची बटणं अजून बाबाच लावून देतात.

पुरवणी जोडून भागेल की नवंच करावं? आणि विषय कसा काढू? “कागद आहे ना कपाटात” म्हणून ते उठून जातात. आपण जायची पोरं वाट बघताहेत, असं त्यांच्या मनात येऊ नये हीच धास्ती आहे.

प्रतिसाद:
ताई, नवंच करा. पुरवणी किरकोळ बदलापुरती ठीक. घराची तरतूद आईबरोबर संपली, प्लॉटची तो विकला तेव्हा. नवं केलं नाही, तर बाबांनंतर घर आणि एफडी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघा भावंडांत सारखी वाटली जाईल. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देईल, पण तेवढ्याने दादा मालक होत नाही.

खरा प्रश्न धाकट्याचा. हिस्सा मिळेल, पण व्यवहार कोण बघणार? राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. बाबा आहेत तोवरच त्यांच्याशी बोलून पालक ठरवा.

नव्या मृत्युपत्रात आधीची सगळी रद्द केल्याचं लिहा. दोन साक्षीदार बाबांपेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. वय बघता डॉक्टरांचा दाखला जोडा. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार. काल मालमत्तेचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, “बाबा, तुमच्यानंतर याच्या गोळ्या वेळेवर कोण देईल?” बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रविवारी दादाला बोलव. येताना ती पिशवी घेऊन बस.”